कलम चारभोवतीचा ढग

मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे असं सांगितलं की समोरचा माणूस "अच्छा" म्हणतो आणि हवापाण्यावर बोलायला लागतो. सासरी सांगलीला माझ्या कामाचं वर्णन "ती तिकडे फायली लावते" असं करतात. ते अगदीच चूक नाही. पण फायली लावण्यातही एक धर्म असतो आणि मी तो इथे कतारला, दोह्यात, अर्धं आयुष्य इमानाने पाळला आहे. फक्त एकदा पाळला नाही. त्याबद्दल लिहायचं म्हणून संपादकांना होकार दिला, नाहीतर मी लिहिण्याबोलण्यातली बाई नव्हे.

आधी काम सांगते. इमारत एकदाच बांधतात, पण तिचे नकाशे पुन्हा पुन्हा बदलतात. मालकाचं मन बदलतं, अग्निशमनवाले आक्षेप घेतात, कुणाच्या तरी लक्षात येतं की जिन्यातून पाइप चाललाय. बदल झाला की नकाशाची नवी आवृत्ती निघते, आम्ही तिला 'रेव्हिजन' म्हणतो. नवी प्रत साइटवर द्यायची, जुनी परत मागून घ्यायची आणि तिच्यावर 'रद्द' असा लाल शिक्का मारायचा, हे माझं काम. ऐकायला सोपं आहे. पण दोह्याच्या मुशैरिब भागातल्या एका कामावर फोरमनने जुनी प्रत परत दिलीच नाही, कारण तिच्यावर त्याने आपल्या हाताने खुणा केल्या होत्या आणि त्याचा जीव तिच्यात अडकला होता. त्याच्या माणसांनी एक अख्खी भिंत तोडली. भिंत योग्य होती, नकाशा मेलेला होता.

आणखी एक रीत आहे. नव्या नकाशात जिथे बदल झाला असेल, तेवढ्या भागाभोवती ढग काढायचा. लहान मुलं काढतात तसाच, गोल गोल कडांचा. म्हणजे बघणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही, ढगात बघितलं की कळतं. आणि कोपऱ्यात एक तक्ता असतो: कुठली आवृत्ती, कुणी केली, आणि बदलाचं कारण. हा शेवटचा रकाना लोक रिकामा ठेवतात किंवा 'सूचनेनुसार' असं काहीतरी लिहून सुटतात. आमच्याकडे खलील नावाचे एक जॉर्डनी मुहंदिस होते, म्हणजे इंजिनिअर. ते त्या रकान्यावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "लेश, मॅडम?" लेश म्हणजे का. कारण लिहिल्याशिवाय ते कागदाला हात लावायचे नाहीत. आम्ही सगळे वैतागायचो त्यांच्यावर. आज वाटतं, मला भेटलेला सर्वांत शहाणा माणूस तो.

कारण ऑफिसात नकाशे सांभाळणाऱ्या मी, ऑफिसबाहेर एका मंडळाची घटना लिहिली होती, आणि तिच्यात 'का'चा रकाना ठेवलाच नव्हता.

आमचं मराठी मंडळ लहान. एका शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन दिवाळीचा कार्यक्रम करायचा, संक्रांतीला तिळगूळ वाटायचा, एवढाच संसार. मी सुरुवातीपासून चिटणीस. टायपिंग येतं, फायली लावता येतात, म्हणून घटनाही माझ्याकडेच आली. तिचं कलम चार असं होतं: कतारमध्ये कुटुंबासह राहणाऱ्या मराठी माणसालाच सदस्य होता येईल.

बाहेरच्या वाचकाला यातली मेख कळायची नाही. आखातात 'बॅचलर' म्हणजे लग्न न झालेला नव्हे. ज्याची बायको इथे नाही तो बॅचलर. गावी नातवंडं असली तरी इथे तो बॅचलर. पगार आणि व्हिसाची अट जमली की बायकोला आणता येतं, नाही जमली तर नाही. म्हणजे कलम चारने मी एका फटक्यात सगळे ड्रायव्हर, सुतार, एसीवाले, वायरमन बाहेर ठेवले होते. ते कार्यक्रमाला येऊ शकत होते. खुर्च्या लावू शकत होते. हात वर करू शकत नव्हते.

हे मी का केलं? मंडळाच्या पहिल्या दिवाळीत माझ्या मैत्रिणीचे, मंजिरीचे, कुणीतरी नकळत फोटो काढले. नटूनथटून मुलीला मांडीवर घेऊन बसलेली असताना. ते फोटो कुठून कुठून फिरत घाणेरड्या शेऱ्यांसकट तिच्याच फोनवर आले. ती माझ्या घरी येऊन रडली. आम्ही बायका तिला पाणी देत बसलो आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सभागृहाची मागची बाजू होती, जिथे ती एकटी माणसं भिंतीला टेकून उभी असतात. दुसऱ्याच आठवड्यात मी कलम चार टाइप केलं. भीती होती, दुसरं काही नाही. पण भीती घटनेच्या भाषेत लिहिली की फार सभ्य दिसते.

त्या मागे उभ्या राहणाऱ्यांत दोघे होते, दौलत माने आणि बशीरभाई मुकादम. दौलत साताऱ्याकडचा, पिकअप चालवतो. बशीरभाई दापोलीकडचे सुतार, हाताला जादू. दर दिवाळीला सभागृहात मुलांसाठी प्लायवूडचा किल्ला उभा करायचे ते बशीरभाई, आणि प्लायवूड आणायचा तो दौलत. किल्ल्याला बुरूज, तोफा, चोरदरवाजा, सगळं. मुलं इंग्रजीत भांडायची, "माय टर्न, माय टर्न," आणि बशीरभाई मराठीत न्याय करायचे.

गेल्या खेपेला आकाशकंदील टांगताना शिडी सरकली आणि बशीरभाई खाली आले. मनगट मोडलं, डोक्याला खोक पडली. दौलतने गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं, मागून मी पोचले. कॉरिडॉरमध्ये असताना बशीरभाईंच्या कंपनीच्या कामगार-कॅम्पमधून मला फोन आला. माणूस हिंदीत विचारत होता, "मॅडम, ये आपका आदमी है क्या? आपके संस्था का मेंबर?"

आणि मी म्हणाले, "नो. ही इज नॉट अ मेंबर."

वाक्य खरं होतं. घटनेत बसत होतं. मीच तसं बसवलं होतं.

शेजारी दौलत उभा होता, हातात बशीरभाईंच्या चपला. त्याला इंग्रजी तेवढं समजतं. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. तो एवढंच म्हणाला, "बराबर हाय वहिनी. न्हाईत त्ये मेंबर." आणि चपला ठेवायला जागा शोधायला गेला.

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बशीरभाई बरे झाले. कॅम्पवर त्यांना बघायला मी आणि माझे यजमान गेलो तेव्हा प्लास्टरवर पेनने तोफ काढून बसले होते. "वहिनी, बुरूज पक्का होता," म्हणाले, "शिडी कच्ची निघाली, दुसरं काय नाय." मला हसता येईना. परत येताना गाडीत यजमान म्हणाले, "नीला, बोल ना काहीतरी."

"कलम चार बदलायचंय," मी म्हणाले.

"बदल की. तुझंच आहे."

इतकं सोपं नव्हतं. कार्यकारिणीत विषय काढला तेव्हा आमचे अध्यक्ष सबनीस गोड हसले. सबनीस 'द पर्ल' या श्रीमंत वस्तीत राहतात, माणूस वाईट नाही, पण कुठलीही गोष्ट अंगाला लागू न देण्यात पटाईत. "नीलाताई, भावना समजतात. पण कलम अकरा वाचा. घटनादुरुस्तीला एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश लेखी संमती लागते. एकूण. हजर नव्हे. तुमचंच लेखन."

माझंच. आणि 'एकूण'मध्ये काय भरलंय हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

इथे कुणीच कायमचं राहत नाही. नोकरी संपली की माणूस पुण्याला जातो, नाहीतर कॅनडाला. दर महिन्या-दोन महिन्यांत कुणाचा तरी निरोप समारंभ. भाषणं होतात, बायका रडतात, आणि पहिल्याच निरोप समारंभात कुणीतरी भावनेच्या भरात सुचवलं की जाणाऱ्या कुटुंबाला शाल आणि नारळाबरोबर आजीव सदस्यत्व द्यावं. टाळ्या पडल्या. मग प्रथाच पडली. जो जो कतार सोडून गेला, तो तो मंडळाचा कायमचा सदस्य झाला! इतकी वर्षं लोक जात राहिले आणि आमचं मंडळ वाढत राहिलं. इथे राहणारे सदस्य मूठभर, गेलेले ढीगभर. ऑफिसात एक जुनी प्रत साइटवर राहिली तर माझी झोप उडायची. आणि इथे मीच प्रत्येक निरोपाचं सर्टिफिकेट छापत होते.

"मग करू गोळा संमती," मी म्हणाले.

"करा, करा," सबनीस म्हणाले. त्यांच्या आवाजात खात्री होती की व्हायचं नाही.

मी ईमेल पाठवली. विषय, संदर्भ, जुनं कलम, नवं कलम, नव्या कलमाभोवती रीतसर ढग. सुंदर मसुदा होता. कुणी उत्तर दिलं नाही. दोघांनी 'अभिनंदन' असं कळवलं, कशाबद्दल ते देवाला ठाऊक. माझी मुलगी म्हणाली, "आई, नोबडी रीड्स ईमेल्स."

त्या शुक्रवारी दौलत आमच्या मदिनत खलीफा वस्तीतल्या घरी जुनं कपाट न्यायला आला होता. मी रडकुंडीला येऊन लॅपटॉपसमोर बसले होते. काय चाललंय म्हणून त्याने विचारलं, मी सांगितलं. तो पडद्यावरची सदस्यांची नावं बघत राहिला.

"आपटेसाहेबांचं उत्तर न्हाई आलं? चांगला माणूस हाय की."

"तू ओळखतोस?"

"वहिनी, म्याच सोडलंय ना त्यास्नी इमानतळावर. हे जोशी. ह्या कुलकर्णीबाई. ह्ये समदे म्याच सोडल्यात."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कतार सोडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचं सामान दौलतच्या पिकअपमधून गेलेलं. बॅगा त्याने उचललेल्या, सोफे आणि फ्रिज मागाहून त्याने विकून पैसे पोचते केलेले. या शहरातला त्यांचा शेवटचा माणूस मंडळाचा चिटणीस नव्हता, दौलत होता.

"दौलत, तू फोन कर ना."

तो मागे सरकला. "आवो न्हाई. सोतासाठी कसं मागू? बरं दिसतं व्हय?"

नमाज आटोपून बशीरभाई कपाटाला हात लावायला आले होते, मनगटावर अजून पट्टा. त्यांनी ऐकलं. "तुझ्यासाठी मागू नको ना. माझ्यासाठी माग. मी तुझ्यासाठी मागतो. खलास."

आणि आमच्या दिवाणखान्यात, न हललेल्या कपाटाच्या सावलीत, फोन सुरू झाले.

"आपटेसाहेब, दौलत बोलतोय. पिकअपवाला."

"अरे दौलत! अगं ऐकलंस का, दौलतचा फोन!" पलीकडून आपटेबाई आल्या. "दौलत, वजन जास्त झालं म्हणून लोणच्याची बरणी तुझ्याकडे राहिली होती. खाल्लीस ना रे?"

"खाल्ली की. निम्मी बशीरभाईनं खाल्ली. वैनी, त्येंच्यासाठीच फोन केलाय. त्यास्नी मंडळात मेंबर करून घ्यायचं चाललंय. तुमची संमती पायजे."

"म्हणजे? बशीरभाई मेंबर नाहीत?"

हे वाक्य त्या दिवशी मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं की शेवटी स्पीकर बंद करावासा वाटला. कॅनडातून, नाशिकहून, मेलबर्नहून, सगळीकडून तेच. नाहीत? का नाहीत? त्यांनी आमच्या पोरांना किल्ले करून दिले, आणि ते सदस्य नाहीत? कलम चार कुणी वाचलंच नव्हतं. मी एकेकाला सांगत होते, "कलम मीच लिहिलं होतं," आणि पलीकडचा आवाज एकदम परका होत होता. तो परकेपणा मला मिळायलाच हवा होता.

बशीरभाई त्यांच्या फोनवर वेगळंच राजकारण करत होते. "माझा सोडा ओ, मी म्हातारा झालो. दौलतचा बघा. पोरगा गुणी आहे." दौलत ऐकून लाजत होता. पोरगा म्हणे, पन्नाशीचा!

संमत्या येऊ लागल्या. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर सही केलेल्या कागदाचा फोटो पाठवला, कुणी नातवाच्या वहीच्या पानावर लिहून. अडले ते फक्त पुण्याचे लोक; मंजिरीही आता तिथेच. त्यांच्यात बायकांचा एक गट होता आणि सगळ्यांचं उत्तर एकच: "मंजिरी काय म्हणते ते बघ आधी."

हा फोन दौलतकडे द्यायचा नव्हता. मी आतल्या खोलीत गेले.

"मंजिरी, मी का फोन केलाय तुला माहीत असेल."

"आहे. सगळ्यांनी सांगितलंय."

"तू नको म्हणालीस तर मी ठराव मागे घेईन. खरंच."

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"नीला, तो मागे उभा नव्हता."

"कोण?"

"फोटो काढणारा. दुसऱ्या रांगेत बसला होता. बायकोशेजारी."

मी पलंगावर बसले. "तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस? तुम्ही मला पाणी देत होतात आणि मागच्या लोकांबद्दल बोलत होतात. मला नाव माहीत होतं, पण ते ऐकायची कुणाचीच तयारी नव्हती. त्याच्या बायकोकडे माझं जाणंयेणं. मी गप्प बसले. मग तू नियम केलास आणि सगळ्यांना बरं वाटलं. फक्त मला प्रत्येक कार्यक्रमात त्याला नमस्कार करावा लागला."

लेश, मॅडम? एका शब्दाचा प्रश्न, आणि मी माझ्या सगळ्यांत जवळच्या मैत्रिणीला तो विचारला नव्हता. तिला न्याय मिळाला नाही आणि ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांना शिक्षा झाली. एकाच कलमाने दोन्ही.

"तो अजून इथे आहे?" मी विचारलं.

"नाही. गेला केव्हाच. शाल-नारळ घेऊन." ती कडवट हसली. मग म्हणाली, "माझं नाव लिही. बायकांचं मी बघते. पण एक अट. ज्याच्यामुळे मी गप्प बसले, त्यावरही एक कलम घाल."

पुण्याच्या संमत्या संध्याकाळच्या आत आल्या.

सभेच्या दिवशी पडद्यावर मी घटनेची सुधारित आवृत्ती लावली. दोन ढग होते. पहिल्यात कलम चार: कतारमध्ये राहणारा कुठलाही मराठी माणूस सदस्य होऊ शकेल. दुसऱ्यात नवं कलम: कुणाचीही तक्रार आली तर आधी तक्रार करणारीला नीट विचारायचं, चौकशी करायची, आणि दोषी ठरला तर तो पहिल्या रांगेतला असो की शेवटच्या, बाहेर. खाली तक्ता, आणि तक्त्यात कारणाचा रकाना. तो मी मोठ्याने वाचला.

"मूळ कलम भीतीपोटी, चौकशी न करता लिहिलं गेलं. तक्रार ज्याच्याबद्दल होती तो माणूस बॅचलर नव्हता. लिहिणारी: चिटणीस."

मंजिरीची परवानगी घेऊनच वाचलं होतं. सबनीस हळूच म्हणाले, "नीलाताई, हे कारण लिहिण्याची काही गरज आहे का?"

"आहे," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मला तो पहिल्यांदा ऐकू आला.

मग संमत्या वाचल्या. टोरांटो, नाशिक, मेलबर्न, पुणे, पुणे, पुणे. प्रत्येक नावाला लोक ओळखीचं हसत होते, कुणी "अरे, ते अजून आठवण ठेवून आहेत!" म्हणत होतं. हजर असलेल्यांचे हात वर झाले, सह्याही झाल्या. दोन-तृतीयांश केव्हा ओलांडले ते कळलंच नाही, कारण नावं संपतच नव्हती. सबनीसांनी ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं आणि मग, श्रेय त्यांचं त्यांना द्यायलाच हवं, त्यांनी माइक खाली ठेवला, मागच्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "उभे का? या ना पुढे. बसा."

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. भिंतीला टेकलेली ती सगळी माणसं एकमेकांना ढकलत, लाजत पुढे आली. बशीरभाईंना एका हाताने टाळी वाजवता येईना, म्हणून ते मांडीवर थापा मारत होते. आपटेबाई व्हिडिओ कॉलवर रडत होत्या. माझी मुलगी ओरडली, "आई, यू डिड इट!" मी तिला म्हणाले, "मराठीत बोल, सभा चालू आहे." नोकरीत मी इमारती पूर्ण झालेल्या पाहिल्या आहेत, मंत्री येऊन फिती कापताना पाहिले आहेत. असा आनंद मला कुठल्याच इमारतीने दिला नाही.

पुढची सभा महिन्याभराने झाली. मी शहाणी झाले होते. आमची दुसरी चूकही निस्तरून टाकावी म्हणून मी ठराव आणला: कतार सोडून गेलेल्यांची आजीव सदस्यत्वं बंद करावीत आणि त्यांची नावं वगळावीत. कारणाचा रकाना व्यवस्थित भरला होता. जुन्या प्रती परत घ्याव्यात, हा तर माझ्या धंद्याचा पहिला नियम. सबनीसांना पटलं. शिवाय ही घटना नव्हे, नुसती प्रथा, हजर सदस्यांच्या मतांवर भागणारी. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे.

तिसऱ्या रांगेतून हात वर झाला. दौलत उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, केस चोपून बसवलेले. पहिल्यांदाच सभेत बोलत होता, त्यामुळे खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"माझा इरोध हाय," तो म्हणाला. "वहिनी, रागावू नका. पर ज्यांनी आमास्नी आत घेतलं, त्यास्नीच भाईर काढायचं? हे काय बरं न्हाई."

"अरे पण दौलत, पुढची दुरुस्ती करायची झाली तर परत सगळ्यांना गाठावं लागेल!"

"गाठू की. मी फोन करीन. त्यात काय?"

"पोरगा बरोबर बोलतो," बशीरभाई म्हणाले आणि बरा झालेला हात वर केला. मग आणखी हात वर झाले. पुढचे, मागचे. शेवटी माझ्या यजमानांचाही, माझ्याकडे न बघता.

मी खाली बसले आणि इतिवृत्त लिहायला घेतलं. हसू आवरत नव्हतं, म्हणून अक्षर जरा वाकडं आलं आहे. पण मजकूर नीट वाचता येतो: चिटणीसांचा ठराव नामंजूर. विरोध करणारे पहिले, श्री. दौलत माने, सदस्य.